माळरानासाठी वर्गणी : वऱ्हाडातील मोकळी जमीन राखण्याचा प्रश्न

विकासाच्या रेट्यातून एखादी रानवट, नांगर न लागलेली जमीन वाचवण्यासाठी समाजाने स्वतः पैसा उभा करावा, ही कल्पना जगात अनेक ठिकाणी अनेक रूपांनी रुजली आहे. मात्र ते रूप कोणते असेल, हे त्या जमिनीवर काय उगवते यापेक्षा ती कोणाच्या नावावर आहे यावरून अधिक ठरते. जमीन खासगी मालकीची आणि खरेदी-विक्रीस मोकळी असेल, तर वर्गणीचे काम ती विकत घेण्याचे असते. जमीन सरकारच्या नावावर आणि वापर गावाचा असेल, तर विकत घेण्यासारखे काही उरत नाही, आणि वर्गणीला वेगळेच काम शोधावे लागते. बडनेरा, अमरावती आणि अकोला या पट्ट्यातील माळरानांचा विचार करताना हा भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो, कारण या विषयावरील बहुतेक प्रसिद्ध उदाहरणे पहिल्या प्रकारची आहेत आणि वऱ्हाडातील बहुतेक माळराने दुसऱ्या प्रकारची.

पहिल्या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मोहावी वाळवंटात सापडते. तेथे रेल्वे कंपनीला एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या जमिनी पुढे तिच्या वारस कंपनीकडे आल्या, आणि १९९९ ते २००४ या काळात ‘वाइल्डलँड्स कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने देणग्यांचा पैसा आणि सरकारी निधी एकत्र करून त्यांतील पाच लाखांहून अधिक एकर जमीन घेतली व ती सार्वजनिक मालकीत सोपवली. २००६ मध्ये स्थापन झालेला ‘मोहावी डेझर्ट लँड ट्रस्ट’ हेच काम लहान लहान तुकड्यांवर करतो. अशा संस्थेला भू-न्यास म्हणता येईल : देणग्या गोळा करायच्या, जमीन विकत घ्यायची आणि ती कायमची न बांधता ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यायचे, एवढे त्याचे सूत्र आहे. इंग्लंडमधील ‘नॅशनल ट्रस्ट’ १८९५ पासून याच वाटेने चालत आला आहे. जमिनीचा बाजार मोकळा आणि मालकी स्पष्ट असेल तेथे ही पद्धत उत्तम चालते. तशीच्या तशी वऱ्हाडात मात्र ती चालणार नाही.

वऱ्हाड हे वाळवंट नव्हे. येथे वर्षाला साधारण ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती कापसासाठी प्रसिद्ध आहे. परंतु ही काळी माती सर्वत्र नाही. बेसॉल्ट खडकावर जेथे मुरमाचा जेमतेम वीतभर थर आहे, तेथे पावसाचे पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि दाट जंगलाऐवजी पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते व त्यांत विखुरलेल्या बोरी-बाभळी हीच त्या जमिनीची नैसर्गिक अवस्था ठरते. काळवीट, लांडगा, खोकड आणि तणमोर हे या मोकळ्या जमिनीचे रहिवासी असून दाट झाडीत त्यांना जागा नसते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य, जे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे आहे, काळविटांसाठीच राखलेले आहे. एरवी या प्रदेशातील माळराने बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेर, गावांच्या शिवारांत विखुरलेली आहेत.

बडनेरा हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे आणि अमरावतीकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. त्यामुळे शहराच्या वाढीचा दाब प्रथम याच बाजूला जाणवावा हे स्वाभाविक आहे. रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना, एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झालेला बेलोऱ्याचा विमानतळ, जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणारा समृद्धी महामार्ग आणि अमरावतीच्या पलीकडे नांदगाव पेठ येथे सुमारे १,००० एकरांवर योजलेले पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान, ही सारी गेल्या काही वर्षांतील भर आहे. यांपैकी कोणताही प्रकल्प एकटा घेतला तर त्याच्या बाजूने सबळ कारणे सांगता येतात, आणि ज्या प्रदेशातील तरुण कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात तेथे ती कारणे हलकी मानणे अन्यायाचे होईल. अडचण अशी आहे की प्रत्येक प्रकल्पासाठी जागा शोधताना प्रथम बोट माळरानावर पडते, कारण कागदावर ते रिकामे असते.

हा कागद कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील राखीव जंगलांची वर्गवारी झाली तेव्हा लाकूड व जळण देणारी राने, गवताचे रमणे आणि चराईची कुरणे असे तीन वर्ग करण्यात आले. म्हणजे गवताळ जमिनीला निदान तिची अशी एक ओळख होती. राखीव क्षेत्राबाहेर, गावाच्या हद्दीत, गुरांच्या मोफत चराईसाठी ठेवलेली जी जमीन आहे तिला या भागात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच गायरान म्हटले जाते. तिची मालकी सरकारची, वापर गावाचा आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे, अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भापुरते एक विशेष प्रकरण असून त्यानुसार प्रत्येक गावाचे ‘निस्तारपत्रक’ असावे लागते. निस्तारपत्रक म्हणजे गावकऱ्यांनी सरकारी पड जमिनीवर गुरे कोठे चारावीत, जळण, माती, मुरूम कोठून घ्यावा याची अधिकृत नोंद. हा दस्तऐवज माळरान राखू पाहणाऱ्या गावाच्या हाती असलेले बहुधा सर्वांत जुने आणि सर्वांत कमी वापरले गेलेले साधन आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ नावाचा आणखी एक वर्ग आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तो वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. अमरावती आणि अकोल्याच्या ई-क्लासला मात्र असे कवच नाही.

न्यायालयीन संरक्षण अगदीच नाही असेही नव्हे. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, आणि त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानांविषयी निर्णय काढला. परंतु या निर्णयातही सार्वजनिक प्रयोजनासाठी, दुसरी जागा उपलब्ध नसल्यास, गायरान देण्याची वाट मोकळी राहिली. माळरानावरील बहुतेक मोठे प्रकल्प याच वाटेने येतात. त्यामुळे अतिक्रमणाविरुद्धचा कायदा कितीही कडक झाला तरी त्याने माळरान वाचेलच असे नाही. भूमिहीन कुटुंबाची झोपडी तेवढी हटेल आणि प्रकल्पाचे कुंपण उभे राहील, ही शक्यता नजरेआड करता येत नाही.

दुसरा धोका हिरव्या रंगाचा आहे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात राबवलेल्या वृक्षलागवडीच्या मोहिमांत, ज्यांचे शेवटच्या वर्षाचे लक्ष्य ३३ कोटी झाडांचे होते, रोपांना लागणारी जागा बहुधा माळावर शोधली गेली. गवताळ जमीन म्हणजे उजाड झालेले जंगल, अशी समजूत या मोहिमांमागे आहे. ती किती चुकीची आहे हे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते : तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील माळराने निदान साडेसातशे वर्षे तरी माळरानेच आहेत, असा निष्कर्ष मांडला. वऱ्हाडासाठी असा अभ्यास होण्याची फार गरज आहे. महानुभाव पंथाच्या गद्यात वऱ्हाडातीलच ऋद्धपूर आणि त्याच्या परिसराचे इतके वर्णन आहे की सामग्रीची वाण पडणार नाही.

अशा परिस्थितीत लोकांनी पैसा उभा करण्याला काय अर्थ उरतो? लोकवर्गणी ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज यांनी ऋणमोचनच्या घाटापासून मूर्तिजापूरच्या गोरक्षणापर्यंत आणि पुढे पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळांपर्यंत जे उभे केले ते लोकांनी दिलेल्या पैशांतून. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीत स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था शेतकऱ्यांच्या देणगीवर वाढली. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली जलसंधारण स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांतला एक अमरावतीचा वरूड होता, आणि तेथे श्रमदानासाठी गावेच्या गावे माळावर उतरली. या सर्व उपक्रमांत देणाऱ्याला आपल्या पैशाचे फळ दिसत होते : घाट, वसतिगृह, बांध, साठलेले पाणी. माळरानासाठी वर्गणी मागणाऱ्याला मात्र असे सांगावे लागते की तुमच्या पैशातून येथे काहीही बांधले जाणार नाही. वऱ्हाडातील दानशूरतेची परंपरा भक्कम आहे, पण ती उभारणीची परंपरा आहे. काही न उभारण्यासाठी दान घेणे ही तिच्यापुढची नवी पायरी आहे, आणि ही पायरी चढवण्याचे काम पैसे जमवण्याच्या तंत्रापेक्षा अधिक कठीण आहे.

आजवर भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात जे प्रयत्न झाले ते या प्रश्नाच्या तीन वेगवेगळ्या बाजू दाखवतात. पहिला मार्ग थेट खरेदीचा. नेरळजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी १९९४ मध्ये सुमारे दोन डझन मित्रांनी पैसे एकत्र करून सुमारे ६४ एकर जमीन घेतली आणि ‘वनवाडी’ म्हणून ती रान वाढू देण्यासाठी राखली. कर्नाटकात एडयारहळ्ळी–दोड्डसंपिगे या हत्तींच्या मार्गावरील सुमारे २५ एकर जमीन ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया’ने देणग्यांतून घेतली आणि वनखात्याकडे सोपवली. अशी खरेदी लहान पण मोक्याच्या तुकड्यासाठी योग्य ठरते. विदर्भात तिच्या आड दोन कायदे येतात : १९५८ चा विदर्भ प्रदेशासाठीचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, ज्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, ज्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. हे कायदे सावकार आणि जमीनदार यांच्याविरुद्ध झाले आणि ते योग्यच होते; काळविटांसाठी जमीन घेणारा न्यास त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते. काळविटांच्या एका कळपाला लागणारे क्षेत्र पाहिले तर या मर्यादेत खरेदीचा मार्ग फार दूर नेत नाही.

दुसरा मार्ग कराराचा आहे. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात खासगी रानांच्या मालकांशी संवर्धन-करार केले, मालकाने ठरावीक वर्षे झाडे तोडायची नाहीत आणि त्याबदल्यात त्याला मोबदला मिळायचा, असे त्यांचे स्वरूप. मालकी बदलत नसल्यामुळे वरील कायद्यांची अडचण येत नाही. पण मोबदला किती द्यायचा हे शेवटी त्या जमिनीला दुसरा कोण काय देऊ करतो यावर ठरते, आणि वऱ्हाडात हा दुसरा आता ठाशीवपणे समोर आला आहे.

तो म्हणजे सौर ऊर्जा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी विकेंद्रित प्रकल्प उभारले जात असून त्यासाठी सरकारी व गायरान जमिनी दिल्या जातात, आणि खासगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये व त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, आणि योजनेचे लक्ष्य १६,००० मेगावॉटचे आहे. रात्री-अपरात्री ओलितासाठी शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिला विरोध करून माळरानाची बाजू बळकट होणार नाही. तथापि हिशेब मांडून पाहावा. १०० हेक्टर खासगी माळ या दराने भाड्याने राखायचा म्हटले तर वर्षाला सव्वा कोटी रुपये लागतील. २०११ च्या जनगणनेनुसार बडनेरा धरून अमरावती महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार होती. म्हणजे माणशी वर्षाला वीस रुपये दिले तर ही रक्कम उभी राहते. हे आकडे पाहता शहराच्या ऐपतीचा प्रश्न उरत नाही, इच्छेचा आणि संघटनेचा उरतो. गायरानाचे गणित तर याहून वेगळे आहे. तेथे भाडे गावाला मिळत नाही. प्रकल्प स्वीकारणाऱ्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहनपर अनुदान देण्याची तरतूद आहे. पंधरा लाख रुपयांची ही बेरीज एखाद्या पंचायतीला मोठी वाटते, परंतु माळ राखणाऱ्या पंचायतीला तेवढीच रक्कम लोकवर्गणीतून देणे शहरातील गणेशोत्सव मंडळांच्या एखाद्या समूहालाही अशक्य नाही.

तिसरा मार्ग गावाच्या हक्काचा, आणि वऱ्हाडाच्या दृष्टीने तोच सर्वांत फलदायी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला ‘सामूहिक वनसंपत्ती’वर, म्हणजे गाव परंपरेने राखत व वापरत आलेल्या वनावर, व्यवस्थापनाचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे २००९ मध्ये हा हक्क मिळालेले पहिल्या गावांपैकी एक. त्याने पुढे २०१३ मध्ये गावातील सारी जमीन १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तेंदूपत्त्याचे उत्पन्न आपणहून सोडले आणि वनाचा एक भाग पूर्णपणे राखून ठेवला. अमरावती जिल्ह्यातच परतवाड्याजवळच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टरांवर हक्क मिळाला, आणि ‘खोज’ या संस्थेच्या साथीने गावाने उघड्या पडलेल्या टेकडीवर रोजगार हमीतून मृद्-जलसंधारणाची कामे केली, चराई व तोडीचे नियम घातले, सीताफळांचे उत्पन्न ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारात नेले. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला. येथे बाहेरून आलेला पैसा जमिनीच्या किमतीपोटी गेला नाही. तो हक्क मिळवण्याच्या खटाटोपात आणि पहिल्या काही वर्षांच्या मजुरीत गेला, आणि त्यानंतर गावाने स्वतःचे उत्पन्न उभे केले. मात्र पायविहीरचे यश झाडांचे आहे. गवताळ माळावर सीताफळ लावणे म्हणजे त्याचे माळपण घालवणे होय, हे ध्यानात ठेवून त्या धड्यातील व्यवस्थापनाचा भाग घ्यावा आणि लागवडीचा भाग जपून घ्यावा.

माळाचाच अनुभव पाहायचा तर अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील फासेपारधी वस्त्यांकडे वळावे लागते. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेला आणि १९५२ मध्ये त्यातून मुक्त झालेला हा समाज फासे लावून पाखरे धरणारा. त्यामुळे कोणते पाखरू कोणत्या गवतात, कोणत्या महिन्यात उतरते, याचे ज्ञान त्याच्याइतके कोणाकडे नाही. २०२१ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरलेला तणमोर पावसाळ्यात गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला साद घालतो, आणि या भागातील त्याच्या नोंदी प्रामुख्याने पारध्यांच्या डोळ्यांनी झाल्या आहेत. ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने काही वस्त्यांनी गवताळ पट्टे राखण्याचे आणि तणमोराला अभय देण्याचे काम हाती घेतले. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा लोकांनी सार्वजनिक ठेवा सांभाळावा आणि त्याचा मोबदला त्यांना मिळू नये, हे योग्य नाही. माळरानासाठी गोळा होणाऱ्या वर्गणीवर पहिला हक्क या राखणदारांच्या मजुरीचा असला पाहिजे.

कायद्यातील इतर वाटांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेले ‘संवर्धन राखीव’ क्षेत्र सरकारी जमिनीवर आणि ‘सामुदायिक राखीव’ क्षेत्र खासगी किंवा सामायिक जमिनीवर, लोकांच्या संमतीने जाहीर होते. येवला तालुक्यातील ममदापूर येथे काळविटांसाठी असे संवर्धन राखीव आहे. जैवविविधता कायद्याखालील ‘वारसा स्थळ’ ही पदवी जळगावच्या लांडोरखोरीला मिळालेली आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२४ मध्ये गवताळ सफारी सुरू केली, ज्यात स्थानिक तरुण मार्गदर्शक असतात. राजस्थानात देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांना वनाचा दर्जा देऊन त्यांची मोजणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला; त्यामागे जैसलमेरच्या गावकऱ्यांनी सौर प्रकल्पांविरुद्ध दिलेल्या झुंजीची पार्श्वभूमी आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी, जो २०१३ च्या कायद्यानुसार नफ्याच्या दोन टक्के असतो, माळरानासाठी घेता येतो. पण त्याचा ओढा रोपांच्या आकड्यांकडे असतो, आणि ‘एकही झाड लावू नये’ अशी अट घालणाऱ्या गावाला तो मिळणे आज तरी अवघड आहे.

मग वऱ्हाडात वर्गणीने नेमके कशाचे पैसे द्यावेत? पहिला खर्च मोजणीचा. ई-क्लासच्या हद्दी बहुतेक गावांत प्रत्यक्ष जागेवर कोणालाच ठाऊक नसतात, आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणी फी भरून खुणा रोवल्याशिवाय ना अतिक्रमण सिद्ध होते ना प्रकल्पाला हरकत घेता येते. दुसरा खर्च निस्तारपत्रकाची नक्कल, ग्रामसभेचे ठराव, जैवविविधता नोंदवही आणि गरज पडल्यास वकील यांचा. तिसरा राखणदाराच्या पगाराचा आणि उन्हाळ्यात वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढण्याचा. चौथा, आणि सर्वांत नाजूक, चराई थांबवण्याच्या काळातील वैरणीचा : गवताला बी धरेपर्यंत, म्हणजे जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास, माळाचा काही भाग बंद ठेवायचा असेल तर धनगर, गवळी आणि दोन-चार शेळ्यांवर जगणाऱ्या विधवा यांच्या जनावरांना तेवढे दिवस कडबा किंवा दुसरा चारा द्यावाच लागेल. हा खर्च टाळून जी राखण होते ती गरिबाच्या पोटावर उभी असते आणि ती टिकत नाही. बी गळाल्यावर गवत कापून त्याची विक्री केली तर हा खर्च काही अंशी भरून निघू शकतो, पण पहिली तीन-चार वर्षे तो बाहेरूनच यावा लागेल, आणि त्या वर्षांचा निधी ग्रामसभेच्या खात्यात, गावासमोर वाचल्या जाणाऱ्या हिशेबासह, आगाऊ जमा असणे आवश्यक आहे.

बडनेऱ्याभोवतीच्या गावांत हे काम सुरू करायचे तर पोहरा-मालखेडच्या राखीव जंगलाला लागून असलेल्या ई-क्लास तुकड्यांपासून करणे सयुक्तिक ठरेल, कारण तेथे वनखात्याच्या जमिनीचा आधार मिळतो, वन्यप्राण्यांची ये-जा आधीच आहे, आणि अमरावतीतील निसर्गप्रेमी मंडळींना व विद्यापीठातील विद्यार्थ्यांना नोंदी करण्यासाठी ते अंतर सोयीचे आहे. जेथे सौर प्रकल्पासाठी ग्रामसभेचा ठराव अजून झालेला नाही, अशी गावे आधी शोधून काढावी लागतील. मोजणीचे अर्ज त्याच गावांतून, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, दाखल करावे लागतील.